मादी साप जोडीसाठी तयार आहे का, हे कसं ओळखाल?

हंगाम जवळ आला की ग्राहक हमखास विचारतात, "बॉल पायथनची मादी १५०० ग्रॅमची झाली, आता नर सोडू का?" त्यावर आम्ही आधी तिचं वय विचारतो आणि मग वर्षभराची खाण्याची नोंद मागतो.

१५०० ग्रॅम आणि ३ वर्षं, हे बॉल पायथनच्या मादीसाठी सर्वसाधारणपणे मानले जाणारे किमान आकडे आहेत. कॉर्न स्नेकच्या बाबतीत ३ वर्षं, ३०० ग्रॅम आणि ३ फूट लांबी असा लक्षात ठेवायला सोपा हिशेब आहे. यातला एक आकडा जमला आणि दुसरा नाही, तर थांबा. भरमसाट उंदीर चारून वजन लवकर वाढवता येतं, पण त्यात चरबीच जास्त असते. लठ्ठ किंवा अपुऱ्या वाढीच्या मादीची अंडी पोटात अडकण्याचा धोका मोठा असतो, आणि त्यात ती दगावूही शकते. नर बराच आधी, लहान अंगानंच तयार होतो. त्याची उतावीळ पाहून मादीचा निर्णय घेऊ नका.

अंग हातानं पाहा

मादीला हातावर निवांत सरकू द्या आणि पाठीवरून हलकेच बोट फिरवा. कणा बोटाला जाणवावा, पण धारेसारखा वर आलेला नसावा. त्याच्या दोन्ही बाजू भरलेल्या आणि घट्ट हव्यात. अंग सरळ असतानाही खवल्यांमधली कातडी ताणून दिसत असेल किंवा शेपटीच्या मुळाशी चरबीचे फुगवटे असतील, तर ती लठ्ठ आहे. श्वासाला शिट्टीसारखा आवाज, तोंडात चिकट स्राव, अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे), यातलं काहीही दिसलं तर जोडीचा विचार सोडा आणि आधी सरीसृपांच्या डॉक्टरांना दाखवा. नुकतीच घरी आलेली मादीही आधी रुळू द्या.

तिचं वागणं काय सांगतं

बॉल पायथनची मादी तयार होऊ लागली की आधी भूक वाढते. पुढे ती पेटीच्या थंड बाजूला जाऊन बसते, पाण्याच्या भांड्याला विळखा घालते, रंगही थोडा उजळतो. मग खाणं कमी होतं किंवा बंदच पडतं. एकट्या लक्षणावर जाऊ नका. तापमान बिघडल्यामुळेही साप थंड बाजूला बसतो किंवा खात नाही. म्हणून थर्मोस्टॅट आधी तपासा.

अंड्यांची पूर्वतयारी, म्हणजे पोटातले फॉलिकल, सोनोग्राफीत स्पष्ट दिसतात आणि त्यांचा आकारही मोजता येतो. अनुभवी हातांना ते बोटांनीही कळतात. घरी मात्र पोट दाबून पाहायचा प्रयोग कृपया करू नका, आत इजा होते.

अंडोत्सर्गाच्या वेळी, म्हणजे अंडाशयातून अंडी सुटतात तेव्हा, मादीच्या अंगाच्या मध्यावर असा फुगवटा येतो, जणू तिनं नुकताच मोठा उंदीर गिळलाय. तो साधारण एखादा दिवसच टिकतो, त्यामुळे सहज नजरेतून सुटतो. त्यानंतर काही आठवड्यांनी ती कात टाकते. ती तारीख लिहून ठेवा, कारण अंडी त्यानंतर साधारण ३० दिवसांनी येतात.

कॉर्न स्नेकचं गणित थोडं वेगळं आहे. थंडीची विश्रांती संपवून मादी पुन्हा नीट खाऊ लागली आणि तिनं पहिली कात टाकली, की जोडी लावायची.

मागच्या हंगामात अंडी घातली असतील तर

अंडी घालताना मादीचं वजन बरंच घटतं, आणि कित्येक आठवडे ती खातही नाही. ते वजन आणि स्नायू पूर्ण भरून आले असतील तरच पुन्हा नर सोडा. बॉल पायथनच्या माद्या स्वतःहूनही एखादं वर्ष वगळतात, त्याची काळजी करू नका.

नर न लावताही मादी निष्फळ अंडी घालू शकते. त्यामुळे जोडी लावा वा न लावा, पोटात अंडी असलेल्या मादीच्या पेटीत ओलसर मॉस घातलेला अंड्यांचा डबा ठेवाच. तुमची नोंदवही आणि मादीचे वरून व बाजूनं काढलेले फोटो आम्हाला दाखवलेत, तर यंदा जोडी लावावी की पुढच्या हंगामापर्यंत थांबावं, हे आम्ही तुमच्यासोबत बसून ठरवू.