करून बघायचं विज्ञान (प्राथमिक शाळा, ठाणे-नवी मुंबई)

पहिली ते पाचवीच्या मुलांनी उत्तर पाठ करण्याआधी ती गोष्ट स्वतः हाताळून, मोजून, वाढवून बघायची, ह्याला करून बघायचं विज्ञान म्हणतात. लॅब लागत नाही, हळद, मटकी, भिंग एवढ्यावर बरंच भागतं. वाशीच्या खाडीपुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे (स्थापना १९७४), त्यांनी प्राथमिकसाठी कृतीवर आधारलेली पुस्तकं काढलीयत. एकच पथ्य, आधी मुलाला अंदाज करू द्यायचा, मोठ्यांनी उत्तर सांगायची घाई केली की सगळंच फुकट.

सुरुवात हळदीपासून करावी. ओली हळद कागदावर फासून वाळवायची आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने त्यावर चित्र काढायचं, रेघ तांबडी उमटते, लिंबू पिळलं की परत पिवळी. शर्टावरचा वरणाचा डाग साबणाने लाल का होतो हे मग मुलंच आईला सांगतात.

फुलपाखरू मात्र सगळ्यात भारी. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या की आपण त्या फेकून देतो, त्याऐवजी एक अळी बरणीत ठेवायची, तोंडाला जाळीचं कापड, रोज ताजा कढीपत्ता (पालक-कोथिंबीर दिली तर ती उपाशी मरेल). लहानपणी ती पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, मग हिरवीगार होते, आणि काडीने हळूच डिवचलं की डोक्यामागून दोन लालसर शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. कोषातून बाहेर आल्यावर पंख वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घोडबंदर रोडच्या ओवळेकर वाडीत (तिथे फुलपाखरांची बाग आहे) हीच फुलपाखरं मोकळी उडताना दिसतात.

ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ मध्ये रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात तिवर (खाडीकाठचं खारफुटीचं झाड) जवळून बघता येते. पावसाळा सोडून कधीही पानावर भिंग धरा, मिठाचे कण चमकतात, झाड जास्तीचं मीठ पानातून टाकून देतं म्हणून. चाटून बघू नका, खाडीचं पाणी घाण आहे.

शून्य सावलीचा दिवस इथे मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी येतो. दुपारी साडेबारा-पाऊणला सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि सरळ कडांच्या डब्याची सावली गायब होते. जुलैत ढग, मेमध्ये सुट्टी, म्हणून हा प्रयोग बहुतेक वेळा सोसायटीच्या गच्चीवरच होतो, चपला घालून, कारण लादी भयंकर तापलेली असते.