ज्युदो वेगळा, कराटे वेगळं: क्लास लावण्याआधी एवढं पाहा

परीक्षा संपल्या की लातूर, परभणी, नांदेडकडे फलक लागतात: ‘मुलींसाठी ज्युदो-कराटे, दहा दिवसांचं स्वसंरक्षण शिबिर’. आत डोकावलं तर ओळीत उभं राहून हवेत ठोसे मारणं चाललेलं असतं. म्हणजे कराटे, तेही त्याचा पहिला धडा. ज्युदोचा तिथं पत्ता नसतो. तरी पालक घरी येऊन सांगतात, ‘पोरीला ज्युदो-कराटे लावलंय.’ या जोडशब्दाने फार नुकसान केलंय. त्यामुळे आपण नेमकं काय निवडतोय, हे कुणी विचारतच नाही.

कराटे बहुतेकांनी पाहिलेलं आहे: ठोसा, लाथ, अडवणं. ज्युदोत ठोसा नाही, लाथही नाही. समोरच्याला धरायचं, त्याचा तोल मोडायचा आणि पाठीवर पाडायचं. खाली गेल्यावर दाबून ठेवणं, गळा आवळणं, कोपराला पीळ देणं. जत्रेतला कुस्तीचा फड पाहिलेल्या माणसाला ज्युदो कराटेपेक्षा कुस्तीचा भाऊबंद वाटेल आणि ते बरोबरच आहे. ज्युदो आणि कराटे दोन्ही जपानमार्गे आले, एवढं साम्य सोडा.

घोटाळा होतो पांढऱ्या पोशाखामुळे आणि रंगीत पट्ट्यामुळे. पट्ट्यांची पद्धत मुळात ज्युदोची. जपानच्या ओकिनावा बेटावरचे कराटेशिक्षक गिचिन फुनाकोशी 1922 मध्ये टोकियोत कराटे दाखवायला आले आणि पुढे त्यांनी ज्युदोकडून पोशाख आणि पट्टा दोन्ही उचलले. फरक बोटांत धरला की कळतो. ज्युदोचा पोशाख जाड विणीचा, गळ्याची पट्टी तर दोरखंडासारखी, कारण तो ओढण्यासाठीच शिवलेला असतो. कराटेचा पातळ असतो. त्यावर ज्युदो खेळलात तर पंधरा मिनिटांत काख उसवते.

आता खरा फरक. तो ‘एकात मारतात, दुसऱ्यात पाडतात’ हा नव्हे. तो सरावाचा आहे.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही आपली शाळा सुरू केली, तेव्हा जुजुत्सू या जुन्या जपानी झटापटीच्या विद्येत डोळ्यांत बोटं घालण्यापासून बोटं मोडण्यापर्यंत सगळं होतं. पण असे डाव जोडीदारावर पूर्ण ताकदीने करताच येत नाहीत, म्हणून ते फक्त ठरवून, हळू करायचे. कानोंनी घातक भाग मोकळ्या लढतीतून बाजूला काढला. जे उरलं ते विरोध करणाऱ्या माणसावर सगळा जोर लावून रोज करता येतं. या मोकळ्या लढतीला रांदोरी म्हणतात. डाव कमी झाले, पण प्रत्येक डाव खऱ्या विरोधात घासला गेला.

ओसोतो-गारी या पहिल्या डावांपैकी एका डावात हे स्पष्ट दिसतं. उजव्या हाताने कॉलर, डाव्या हाताने कोपराजवळची बाही. समोरच्याला त्याच्या उजव्या टाचेवर मागे कलवायचं, आपला डावा पाय त्याच्या उजव्या पायाशेजारी टाकायचा, छाती त्याच्या छातीला भिडवायची आणि उजव्या पायाने त्याची पोटरी मागून उडवायची. जोडीदार पुतळ्यासारखा उभा असेल तर हे दहा मिनिटांत जमतं. तो विरोध करू लागला की नवशिका हमखास एकच चूक करतो: तोल मोडण्याआधीच पाय उडवतो, स्वतः मागे झुकतो आणि त्याच डावाने उलटा पडतो. ही चूक सांगून सुटत नाही. शंभर वेळा आपटलं की सुटते.

कराटेची अडचण उलट आहे. नाकावरचा ठोसा रोज पूर्ण ताकदीने मारला तर महिनाभरात वर्ग रिकामा होईल. म्हणून ठोसा आवरता घ्यावा लागतो. गुणांच्या कुमितेत, म्हणजे दोघांच्या लढतीत, चेहऱ्याजवळ आवरायचा, गुण मिळाला की पंच ‘यामे’ (थांबा) म्हणतो, दोघं मागे. शरीराला सवय लागते ती मारून थांबण्याची. कातामध्ये, म्हणजे एकट्याने करायच्या ठरलेल्या हालचालींत, तर समोर माणूसच नसतो. आणि अडवण्याच्या जोडीसरावात जोडीदार ठोसा मारून हात तसाच पुढे ठेवतो. रस्त्यावर हात असा थांबत नाही, मागे जातो आणि पुन्हा येतो. बसस्टँडवर कुणी मनगट, ओढणी किंवा केस धरले तर अशा सरावातल्या मुलीसाठी ती स्थिती अनोळखी असते. ज्युदोवाली दर वर्गात कुणाच्या तरी पकडीतूनच सुरुवात करते. पकड सोडवणं हा तिथं अर्धा खेळ आहे.

कराटेतही अपवाद आहेत. क्योकुशिन या कराटेच्या शैलीत अंगावर पूर्ण जोराने मारतात, फक्त डोक्यावर हाताचा ठोसा नाही. अशी शाळा जवळ असेल तर वरचं बरंचसं तिला लागू नाही.

ज्युदोतही मोठं भोक आहे, ते लपवू नये. चेहऱ्यावर कधीच ठोसा येत नसल्याने ज्युदोवाला हनुवटी उघडी ठेवून कॉलर धरायला जातो. खाली वीस सेकंद दाबून धरलं की सामना जिंकतो, पण समोर दोघं असतील तर हीच सवय घातक. पाडलं की उठायचं, अंतर ठेवायचं. शिवाय आपल्याकडे आठ महिने लोक पातळ शर्टात फिरतात. कॉलर फाटते, टी-शर्ट ताणतो. म्हणून कॉलरऐवजी मान आणि बाहीऐवजी कोपर धरूनही सराव मागा.

माझं मत ठाम आहे: स्वसंरक्षणासाठी आधी वर्ष-दीड वर्ष ज्युदो, मग चेहरा सांभाळायला सहा महिने बॉक्सिंग किंवा स्पर्शाचं, म्हणजे ठोसा खरोखर लागणारं, कराटे. गावात चांगली तालीम असेल आणि ज्युदो नसेल, तर कुस्ती धरा. आणि कवटीवर नुसत्या मुठीने मारू नका. करंगळीमागचं हाड मोडतं. तळहाताची टाच, म्हणजे मनगटाजवळचा भाग, वापरा.

पण ज्युदो मॅटवरच. मंगल कार्यालयाच्या शहाबादी फरशीवर सतरंजी टाकून पाडायला शिकवत असतील तर परत फिरा. चार सेंटिमीटर जाडीचे, न सरकणारे मॅट हवेत. पहिले तीन-चार आठवडे मुख्यतः उकेमी, म्हणजे पडायची रीत: हनुवटी छातीला, तळहात ते कोपर एकदम जमिनीवर आपटायचं, हात मागे टेकायचा नाही. हात टेकला की मनगट नाहीतर गळ्याचं हाड जातं. आठवड्यात तीन वर्ग, उन्हाळ्यात सकाळी सहाला, कारण त्या जाड पोशाखात दुपारी चक्कर येते.

फी भरण्याआधी एक पूर्ण वर्ग बाजूला बसून पाहा. दीड तासात दोन माणसं एकदाही खऱ्या जोराने एकमेकांना भिडली नाहीत, तर दारावरच्या फलकावर काहीही लिहिलेलं असो, नाव घालू नका.