वक्र डिटेक्टरांचे सदृशीकरण (हृदय-स्पेक्ट)

हृदयस्नायूच्या रक्तपुरवठ्याचे स्पेक्ट प्रतिमांकन (शरीरात दिलेल्या किरणोत्सारी द्रव्याच्या गॅमा किरणांवरून त्रिमितीय प्रतिमा) करणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यात किरण टिपून प्रकाश देणाऱ्या सपाट स्फटिकाच्या जागी वाडग्यासारखा वक्र स्फटिक बसवल्यास काय साधेल, हे यंत्र घडवण्याआधी मॉन्टे कार्लो पद्धतीने (यादृच्छिक आकड्यांनी एकेका कणाचा प्रवास रचून) संगणकावर अजमावणे. त्यासाठी बहुधा जिअँट4 या कण-सदृशीकरणाच्या संगणक-संचावर आधारलेली गेट ही प्रणाली वापरतात.

वक्र स्फटिक प्रथम हृदयासाठी योजला गेला नसावा. जेना व स्मिथ यांनी 1988 मध्ये वर्णन केलेला एकसंध कंकणाकृती सोडियम आयोडाइड स्फटिकाचा कॅमेरा मेंदूसाठी होता. त्याला पूर्वज म्हणता येईल, पण त्याची वक्रता एकाच दिशेची आहे. पिनहोलमागील (किरण आत येण्याच्या बारीक छिद्रामागील) द्विवक्र स्फटिक ही स्वतंत्र शाखा मानणे अधिक सयुक्तिक. हृदय-स्पेक्टसाठी तिचे सविस्तर विवेचन जॉयोनी डे यांच्या 2012 मधील लेखात आढळते.

टेक्नेशियम-99एम या रुग्णाला देण्याच्या किरणोत्सारी द्रव्याचे सुमारे 140 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचे फोटॉन सोडियम आयोडाइडमध्ये सरासरी 4 मिमीच्या आत शोषले जातात. 9.5 मिमी जाडीच्या सपाट स्फटिकावर ते 45 अंशांनी तिरपे आले, तर नोंदीची जागा सुमारे अडीच मिमी सरकते. पिनहोल केंद्रस्थानी ठेवून अर्धगोल स्फटिक घेतला की प्रत्येक किरण लंबच पडतो आणि ही चूक उरत नाही. शिवाय त्याच पायावरील सपाट चकतीच्या दुप्पट क्षेत्रफळ मिळते. लांबट अर्ध-दीर्घवर्तुळजात (अर्ध्या अंड्यासारखा आकार) घेतल्यास क्षेत्रफळ आणखी वाढते, पण कडेच्या भिंतीवर किरण पुन्हा तिरपे पडू लागतात. वाढीव क्षेत्रफळाचा खरा फायदा अप्रत्यक्ष आहे: प्रतिमा मोठी पडल्याने स्फटिकाच्या स्वतःच्या अस्पष्टतेचा प्रभाव घटतो आणि छिद्र रुंद करायला वाव मिळतो. छिद्र 5 वरून 6 मिमी केले की संवेदनशीलता 44 टक्क्यांनी वाढते. त्यामुळे सपाट व वक्र यांची तुलना समान विभेदनक्षमतेवर (बारीक तपशील वेगळे दाखवण्याच्या क्षमतेवर) केली नसेल, तर संवेदनशीलतेचे आकडे फारसे बोलके ठरत नाहीत.

सदृशीकरणात वक्र स्फटिकाच्या कवचाची भूमिती हा सर्वांत नाजूक भाग. बाहेरच्या दीर्घवर्तुळजातातून आतले वजा करून कवच बनवतात. दोघांचे कापलेले तळ एकाच प्रतलात आले तर पृष्ठे जुळतात आणि कण कडेला अडकतात किंवा चुकीच्या घटकात नोंदले जातात. आतला आकार तळाखाली साधारण 1 मिमी वाढवून वजा करावा आणि नंतर अधिव्यापन-तपासणी (घटक एकमेकांत घुसले आहेत का याची तपासणी) चालवावी. दुसरी चूक सहजासहजी लक्षात येत नाही. तिन्ही अर्ध-अक्षांतून सारखीच जाडी वजा केली तरी कवच सर्वत्र सारखे जाड होत नाही, कारण दीर्घवर्तुळजाताला समांतर असणारे पृष्ठ दीर्घवर्तुळजात नसते. अक्षांचे गुणोत्तर 2:1 असलेल्या पातळ कवचात मधल्या पट्ट्यात जाडी सुमारे 6 टक्के कमी भरते. शोषणातला फरक किरकोळ असतो. मात्र तो पट्टा एकसमानतेच्या चाचणीत दिसला की दोष पिनहोलला दिला जातो.

स्रोत म्हणून एक्सकॅटसारखा व्हॉक्सेल-देह (लहान घनांनी बनलेली मानवी शरीराची संगणकीय प्रतिकृती) घेतात. त्यात यकृताची सक्रियता धरणे आवश्यक, कारण हृदयाच्या खालच्या भिंतीवर तिचेच प्रकीर्णन (वाटेत दिशा बदललेले फोटॉन) येते. 5 मिमी छिद्र व 15 सेंमी अंतर असताना समोरच्या बिंदूतून निघालेल्या लाखातले जेमतेम सात फोटॉन छिद्रातून जातात. वेळ वाचवण्यासाठी उत्सर्जनाचा शंकू फक्त छिद्राकडे रोखतात. त्यात इतर दिशांना निघून शरीरात वळलेले फोटॉन गळतात, आणि 126 ते 154 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या ऊर्जा-खिडकीतली (नोंदीसाठी स्वीकारलेल्या ऊर्जांच्या पट्ट्यातली) प्रतिमा प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ दिसते. सक्तीच्या शोधाची पद्धत (फोटॉनला छिद्राकडे वळवून त्या घटनेच्या शक्यतेइतकेच वजन देणे) वापरल्यास प्रकीर्णन टिकते.

नोंदी पायाच्या प्रतलावर लंबरूप प्रक्षेपित केल्या तर कडेच्या नोंदी एकत्र दाटतात. म्हणून पृष्ठावरच समक्षेत्र भाग पाडून प्रत्येक भागाची प्रणाली-सारणी (शरीरातील कोणत्या जागेचा फोटॉन त्या भागात येण्याची शक्यता किती, याचा तक्ता) काढतात आणि प्रतिमेची पुनर्रचना ओसेम या पुनरावर्ती गणनपद्धतीने करतात. स्फटिकात उमटणाऱ्या प्रकाशकणांचा मागोवा सहसा घेतला जात नाही. 140 किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या एका फोटॉनमागे पाच हजारांवर प्रकाशकण निर्माण होतात, म्हणून त्याऐवजी गाउसीय अस्पष्टता जोडतात. वाडग्याच्या काठाशी परावर्तनामुळे नोंदीची जागा आत ओढली जाते, हा परिणाम त्यात उतरत नाही.