बी.एड., डी.एल.एड.ला प्रवेश घेताय? फी भरण्याआधी मान्यतेचा आदेश मागा

"आमचं कॉलेज विद्यापीठाशी संलग्न आहे," हे वाक्य प्रवेशाच्या दिवसांत हमखास ऐकू येतं. ते खरं असलं तरी तेवढ्यावर फी भरू नका. संलग्नता वेगळी आणि मान्यता वेगळी. शिक्षक होण्यासाठीच्या या अभ्यासक्रमांना मान्यता देते दिल्लीची राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, म्हणजे एनसीटीई.

१९९३ च्या एनसीटीई कायद्याचं कलम १६ स्पष्ट आहे : मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला संलग्नता देता येत नाही आणि त्याची परीक्षाही घेता येत नाही, तात्पुरतीसुद्धा नाही. पुण्यात बी.एड.ची परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, डी.एल.एड.ची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोघांनाही हे कलम लागू आहे. शिवाय कलम १७ नुसार अशा अभ्यासक्रमाची पदवी सरकारी किंवा अनुदानित शाळेच्या नोकरीत चालत नाही.

"कोर्टात जाऊ, परीक्षेला बसू देतील" या भरवशावर तर अजिबात राहू नका. हा कायदा येण्याआधी, १९९२ मध्येच, महाराष्ट्रातल्या अमान्य डी.एड. (डी.एल.एड.चं जुनं नाव) विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना उच्च न्यायालयानं दिलेली परीक्षेची परवानगी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केली होती.

मान्यता काढली गेली तर? इथे कायदा विद्यार्थ्यांच्या बाजूनं आहे. संस्थेला आदेश कळवल्यानंतरचं पुढचं शैक्षणिक सत्र संपल्यावरच तो लागू होतो. म्हणून आदेशाची तारीख पाहा, गावगप्पांवर कॉलेज सोडू नका.

कॉलेजकडे मान्यता आदेशाची प्रत मागा. त्यात अभ्यासक्रमाचं नाव, पत्ता आणि प्रवेशक्षमता तपासा. मान्यता अभ्यासक्रमागणिक असते, डी.एल.एड.च्या आदेशावर बी.एड. चालवता येत नाही. बी.एड.चं एक युनिट, म्हणजे तुकडी, ५० विद्यार्थ्यांचं. मग एनसीटीईच्या संकेतस्थळावरच्या यादीशी आदेश पडताळा. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर मला तेवढंच कारण दुसरं कॉलेज शोधायला पुरेसं वाटतं. एनसीटीईकडे माहिती अधिकारात अर्जही करता येतो : शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

पात्रता थोडक्यात : बी.एड.ला पदवी किंवा पदव्युत्तर परीक्षेत ५० टक्के आणि राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी), डी.एल.एड.ला बारावीत ५० टक्के. राखीव प्रवर्गांना सवलत आहे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असल्यास जात प्रमाणपत्र, जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेयर तयार ठेवा. जात वैधतेला वेळ लागतो, तो अर्ज आधीच करा.

कॉलेज मान्यताप्राप्त असलं तरी हजेरी कमी पडली तर परीक्षा अडते : वर्ग आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, शाळेतल्या इंटर्नशिपला ९० टक्के. "यायची गरज नाही, हजेरी आम्ही लावतो" असं कुणी म्हणालं, तर त्या कॉलेजचा मान्यता आदेश पुन्हा एकदा नीट वाचा.