मेजर राम राघोबा राणे : सुरुंग काढणाऱ्या हातांचं परमवीर चक्र

युद्धकथांमध्ये रणगाडा पुढे जातो तेवढंच येतं. त्याच्यासाठी रस्ता कुणी मोकळा केला, हे बहुतेक वेळा राहून जातं. राम राघोबा राणे यांची आठवण त्यासाठीच काढायला हवी.

त्यांचा जन्म २६ जून १९१८ चा, कारवारजवळच्या चेंडिये गावचा. वडील पोलिस शिपाई. जुलै १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे रस्ते-पूल बांधणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या खडकीच्या लष्करी अभियंत्यांत (सॅपर्समध्ये), साधे जवान म्हणून भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ब्रह्मदेशची आघाडी पाहिली. अधिकारी झाले ते थेट डिसेंबर १९४७ मध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. म्हणजे पुढे जे घडलं, त्यामागे खालच्या हुद्द्यांवरची सात वर्षं होती.

त्याच डिसेंबरात, काश्मीरवरून पाकिस्तानशी चाललेल्या लढाईत, जम्मूच्या भागातलं झांगर हातचं गेलं. तिथल्या भारतीय ब्रिगेडचे प्रमुख ब्रिगेडिअर उस्मान यांनी फेब्रुवारी १९४८ मध्ये नौशेरा राखलं, १८ मार्चला झांगरही परत आलं. आता राजौरी गाठायचं होतं. तिथल्या लोकांवर अत्याचार चालले होते, उशीर परवडणारा नव्हता. पण मधला डोंगरी रस्ता सुरुंगांनी आणि आडव्या पाडलेल्या पाइनच्या झाडांनी अडवलेला, वर दोन्ही बाजूंच्या टेकड्यांवर शत्रूच्या मशीनगन.

८ एप्रिलला हा रस्ता मोकळा करायचं काम सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. राणेंच्या तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी, त्या पाचांत राणे स्वतःही. तरी ते रणगाड्यांपासून हटले नाहीत. गोळीबारात उघड्यावर सुरुंग काढणं अशक्य झालं, तेव्हा ते रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. रणगाडा इंच इंच पुढे सरकायचा, ते त्याच्याबरोबर सरपटायचे. वर बसलेल्या चालकाला थांब किंवा चल सांगायला दोरी बांधलेली होती, ती खालून ओढायची. पोलादी पट्ट्यांच्या मधल्या त्या जागेत चुकीला वावच नव्हता.

११ एप्रिलला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला, १२ ला सैन्य राजौरीत शिरलं. १९४७-४८ च्या लढाईत पाच जणांना परमवीर चक्र मिळालं. त्यांतले हयात दोघंच, लान्स नाईक करम सिंग आणि राणे.

१९६८ मध्ये ते मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर आता त्यांचा पुतळा आहे.