शालेय ऑनलाइन सुरक्षा धोरण

शाळेतील मुलामुलींना इंटरनेट, मोबाइल आणि समाजमाध्यमांच्या वापरातून होणारी इजा टाळण्यासाठी, आणि ती झालीच तर त्यांना वेळेवर मदत मिळावी म्हणून, शाळा जी लेखी नियमावली व कार्यपद्धती ठरवते, तिला शालेय ऑनलाइन सुरक्षा धोरण म्हणतात. संगणक कक्षातील वापर, शाळेत मोबाइल आणण्याविषयीचे नियम, वर्गाचे व्हॉट्सॲप गट, विद्यार्थ्यांची छायाचित्रे व वैयक्तिक माहिती आणि सायबर छळाच्या तक्रारींची हाताळणी हे त्याचे नेहमीचे विषय होत. भारतात या धोरणाचा आराखडा एखाद्या स्वतंत्र कायद्यात तयार मिळत नाही; दंडविषयक कायदे, बालसंरक्षणाचे नियम, परीक्षा मंडळांची परिपत्रके आणि राज्यांचे शासन निर्णय यांतून शाळेला तो स्वतः जुळवावा लागतो. त्यामुळे एका शाळेत टप्प्याटप्प्याने लिहिलेली कार्यपद्धती, तर दुसरीत ‘मोबाइल आणू नये’ एवढीच सूचना, अशी तफावत राहते.

इंटरनेट खिशात येण्यापूर्वी धोक्याची जागा घराबाहेर मानली जात असे. गोवा बाल कायदा, २००३ हा त्या काळाचा बोलका दाखला आहे. पर्यटनाच्या आडून होणाऱ्या बाललैंगिक शोषणाने ग्रासलेल्या या राज्याने, अयोग्य संकेतस्थळे रोखणारा फिल्टर न बसवलेले इंटरनेट मुलांना उपलब्ध होणार नाही याची जबाबदारी निवासाची सोय करणाऱ्या आस्थापनांच्या चालकांवर टाकली, आणि फोटो धुऊन देणाऱ्या व्यावसायिकांना मुलांची अश्लील छायाचित्रे आढळल्यास पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले. देशपातळीवर माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये २००८ च्या दुरुस्तीने कलम ६७-ब समाविष्ट झाले. १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक चित्रण तयार करणे, पाठवणे, शोधणे किंवा उतरवून घेणे यांसाठी पहिल्या दोषसिद्धीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाख रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे. पुढे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा ‘पोक्सो’ कायदा आला. त्याच्या २०२० च्या नियमांनी, मुलांसाठीच्या शैक्षणिक साहित्यात त्यांची ऑनलाइन ओळख जपण्याचे उपाय असावेत असे सांगितले, तसेच मुलांशी संबंध येणाऱ्या सर्व संस्थांनी राज्य शासनाचे बालसंरक्षण धोरण स्वीकारावे अशी तरतूद केली.

शाळांसाठीच्या सूचना मात्र बहुधा एखाद्या संकटाच्या मागोमाग आल्या. मुलांना आत्महत्येपर्यंत नेतो असे म्हटल्या जाणाऱ्या ‘ब्लू व्हेल’ नावाच्या कथित ऑनलाइन खेळाची भीती पसरली असताना, ऑगस्ट २०१७ मध्ये, केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने शाळांतील इंटरनेट वापराविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचा भर फिल्टर, देखरेखीची सॉफ्टवेअर आणि परवानगीशिवाय उपकरणे न आणणे यांवर होता. करोनाकाळात वर्गच पडद्यावर गेले, तेव्हा ऑनलाइन शिक्षणासाठीच्या केंद्र सरकारच्या जुलै २०२० मधील ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शिकेने पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन, तर नववी ते बारावीसाठी चार सत्रे अशी मर्यादा सुचवली. वेळ मोजता येते, म्हणून ती परिपत्रकात सहज बसते. मुलाला कोण संदेश पाठवत आहे, हे मात्र वेळेच्या हिशोबात दिसत नाही.

धोक्यांची मांडणी करताना इंग्लंडमधील शाळांसाठीच्या वैधानिक मार्गदर्शिकेतील चार गट सोयीचे ठरतात: अपायकारक मजकूर, अपायकारक संपर्क, मुलांचे स्वतःचे वर्तन आणि पैशांचे व्यवहार. भारतीय घरांत त्यात एक वेगळी अडचण मिसळते. फोन पुष्कळदा आईचा किंवा वडिलांचा असतो, त्याच फोनवर भावंडांचा अभ्यास, घरचे यूपीआय व्यवहार आणि मुलाने जन्मवर्ष चुकीचे टाकून उघडलेले इन्स्टाग्राम अकाउंट एकत्र नांदतात. एका मुलाचा एक फोन असे धरून बनवलेली पालक-नियंत्रणाची साधने अशा ठिकाणी अपुरी पडतात, आणि ‘पालकांनी लक्ष ठेवावे’ ही सूचना मुलापेक्षा फोनची माहिती कमी असलेल्या पालकाला फारशी उपयोगी पडत नाही.

म्हणूनच धोरणाची खरी कसोटी तक्रार आल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात लागते. आठवीतील एखादी मुलगी मधल्या सुट्टीत वर्गशिक्षिकेकडे येते आणि सांगते की कोणीतरी तिच्या फोटोला दुसरे शरीर जोडून तो वर्गातल्या मुलांच्या गटात टाकला आहे. या क्षणी ‘तू मुळात फोटो टाकलाच कशाला’ हा प्रश्न विचारला गेला, तर ती पुढचे काही सांगत नाही, आणि तिचे पाहून इतर मुलीही गप्प राहतात. घरी कळले तर फोन काढून घेतील किंवा शाळाच बंद करतील, ही भीती मुलींना विशेष असते. पैशांसाठी धमकावणारे गुन्हेगारही याच भीतीवर विसंबतात. त्यामुळे तक्रार करणाऱ्या मुलाला, त्याने स्वतः एखादा नियम मोडला असला तरी, त्यासाठी शिक्षा होणार नाही हे वाक्य धोरणात स्पष्ट लिहिलेले असणे फिल्टरपेक्षा अधिक मोलाचे आहे.

शिक्षिकेने त्यानंतर काय करावे याचे उत्तर शाळेत कोणालाही पाठ असायला हवे. तो फोटो स्वतःच्या फोनवर घेऊ नये आणि ‘सर, हे बघा’ म्हणून मुख्याध्यापकांना किंवा शिक्षकांच्या गटात पाठवू नये. पोक्सोच्या कलम १५ मध्ये तक्रारीसाठी वा न्यायालयीन पुराव्यासाठी अपवाद ठेवलेला आहे, पण प्रत पसरत गेली की मुलीची मानहानी वाढते आणि पुराव्याचा मागही बिघडतो. ज्या अकाउंटवरून फोटो आला त्याचे नाव, दुवा, गटाचे नाव आणि वेळ कागदावर टिपून घ्यावी. मुलांकडून घाईने ‘सगळे डिलीट’ करवून घेणे ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. फोटो लैंगिक स्वरूपाचा असेल तर कलम १९ नुसार विशेष बाल पोलिस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत, तर आपल्या हाताखालील व्यक्तीचा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ‘शाळेचे नाव जाईल’ म्हणून प्रकरण आपसात मिटवणे हा मुख्याध्यापकाचा अधिकार नाही. कलम २३ प्रमाणे मुलीची ओळख प्रसारमाध्यमांत उघड करता येत नाही, आणि शाळेतही ती मोजक्या माणसांपुरती राहील याची काळजी घ्यावी लागते.

समोरची बाजूही मुलांचीच असते, ही यातली कठीण गोष्ट आहे. फोटो पुढे पाठवणारा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने गुन्हा करतो. दोन अल्पवयीनांनी राजीखुशीने एकमेकांना पाठवलेल्या खासगी छायाचित्रांनाही कलम ६७-ब वेगळे काढत नाही. अशा मुलाचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते, आणि बाल न्याय कायद्याखालील २०१६ च्या आदर्श नियमांनुसार अतिगंभीर गुन्हे व प्रौढांच्या साथीने केलेले गुन्हे वगळता प्रथम खबर (एफआयआर) न नोंदवता पोलिस दैनंदिनीत नोंद करून मुलाच्या सामाजिक परिस्थितीचा अहवाल तयार केला जातो. साधी शिवीगाळ, टोपणनावाने चिडवणे, गटातून काढून टाकणे हे प्रकार मात्र बहुधा गुन्ह्यात मोडत नाहीत. आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांसाठी शिक्षा सांगणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केल्यामुळे तोही मार्ग उरलेला नाही. सायबर छळाचा हा मोठा हिस्सा समुपदेशन, पालकांशी बोलणे आणि वर्गातील शिस्त यांच्या आधारे शाळेनेच सोडवायचा असतो.

फोटो हटवणे हे पोलिसी कारवाईहून निराळे आणि मुलाच्या दृष्टीने अधिक निकडीचे काम आहे. नग्नता असलेल्या किंवा बनावट रीतीने जोडलेल्या छायाचित्राबद्दल संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केल्यास ते काढण्यासाठी माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ यांनी मुळात २४ तासांची मुदत ठरवली होती. याशिवाय हरवलेल्या व शोषित मुलांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतील ‘एनसीएमईसी’ या संस्थेची ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा भारतातूनही वापरता येते. ती छायाचित्राचा डिजिटल ठसा फोनवरच तयार करते आणि तेवढाच सहभागी कंपन्यांना पाठवते, त्यामुळे मूळ फोटो कोणाला दाखवावा लागत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळ आहे आणि त्यावर मुलांच्या लैंगिक चित्रणाबाबत नाव न देताही कळवता येते. १०९८ हा मुलांसाठीचा, तर १९३० हा मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठीचा क्रमांक आहे. शाळेच्या दर्शनी फलकावर हा फरक लिहिलेला असावा.

महाराष्ट्रात १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळा, केंद्र व तालुका स्तरांवर विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी ‘सखी सावित्री’ समित्या स्थापन करण्यास सांगण्यात आले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील शाळेतील अत्याचार उघडकीस आल्यावर या समित्या, तक्रार पेट्या आणि सीसीटीव्ही यांच्याविषयी शासनाने पुन्हा आदेश काढले. ऑनलाइन छळाची तक्रार याच समितीकडे जावी हे सोयीचे आहे, मात्र त्यासाठी समितीतील किमान एका सदस्याला स्क्रीनशॉट, दुवा आणि अकाउंट यांतील फरक कळायला हवा.

शाळेचे स्वतःचे वर्तन हा धोरणाचा सर्वांत दुर्लक्षित भाग होय. स्नेहसंमेलनाचे फोटो नाव, इयत्ता आणि गणवेशासह फेसबुकवर टाकले जातात, गुणपत्रके वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात येतात आणि त्या गटात प्रत्येक पालकाचा क्रमांक सर्वांना दिसतो. अनोळखी माणसाला मुलाशी ओळख काढण्यासाठी याहून जास्त माहिती लागत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ९ मध्ये १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांचा माग काढणे व त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांना मनाई केली आहे. या जबाबदारीच्या उल्लंघनासाठी दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या नियमांनी शैक्षणिक संस्थांना शैक्षणिक कामासाठी आणि विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी देखरेख करण्यापुरती सूट दिली असून, कायद्यातील या तरतुदी लागू होण्यासाठी अठरा महिन्यांचा अवधी ठेवला आहे. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकणे मात्र देखरेखीत मोडत नाही, तेव्हा त्यासाठी शाळांनी प्रवेशअर्जातच पालकांची वेगळी संमती घेणे इष्ट ठरते.