काठ लावणे (हातमागाचे काठ)

हातमागावर विणलेला काठ कापून किंवा उसवून दुसऱ्या कपड्याला लावायचा, याला आपल्याकडे सरळ काठ लावणं म्हणतात. जुन्या पैठणीचं अंग विरून जातं पण काठ आणि पदर बहुतेक वेळा धडधाकट राहतात, मग ते कॉटनच्या साडीला, कुर्त्याच्या घेराला, परकराला नाहीतर ब्लाउजच्या बाहीला जातात. येवल्याच्या पैठणीचा नारळी किंवा मुनिया काठ, इरकलीचे गोमी आणि चिक्की परास हे काठ, शिवाय गुळेदगुडच्या खणाची किनार, हे जास्त करून वापरात दिसतात.

लावायच्या आधीची तयारी जास्त महत्त्वाची, आणि नेमकी तीच लोक टाळतात. नवीन सुती कापड आधी धुवून आटवून घ्यायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, रेशमी काठ आहे तेवढाच राहतो आणि सगळीकडे चुण्या पडतात, मग इस्त्री कितीही मारा. रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या रुमालाने काठाच्या टोकाला चोळून बघायचं, लाल आणि मरून काठांना तर नक्कीच. मिठाच्या पाण्यात भिजवला की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण त्यावर भरवसा ठेवू नये.

काठाची बाहेरची कड विणतानाच पक्की झालेली असते, आतली बाजू कापलेली असल्यामुळे तिचे धागे सुटतात. म्हणून कापताना काठाला लागून साडीचं अर्धा इंच कापड ठेवायचं आणि तो दाब आत दुमडायचा. काठ फार विरलेला असेल तर खाली मलमलचं अस्तर. आधी धावदोरा घालायचा आणि मग बारीक हातशिलाई. मशीनची टीप चालते, पण सुई बारीक, ९ किंवा ११ नंबरची, आणि दोरा सैल हवा, कारण जाड सुईने जरीची तार तुटते आणि पडलेली भोकं परत बुजत नाहीत. हातशिलाईचा दुसरा फायदा म्हणजे कपडा फाटला की काठ उसवून तिसऱ्या कपड्याला लावता येतो, टेलर मात्र वेळ लागतो म्हणून टाळतात.

काठाचे ताण्याचे, म्हणजे उभे धागे लांबीत धावतात त्यामुळे तो ताणला जात नाही, गोल गळ्याला वळवायला गेलं की उभाच राहतो. बाही, घेर, पुढची पट्टी अशा सरळ जागा त्याला बऱ्या, चौकोनी गळ्याच्या कोपऱ्यावर तिरकी घडी घालून दाबून घ्यायचा.

काठ लावलेला कपडा काठाच्या हिशोबाने सांभाळायचा, अंगाच्या नाही. रेशमी काठ असेल तर रिठ्याच्या पाण्यात हलक्या हाताने धुवायचा किंवा ड्रायक्लीन, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा, इस्त्री उलट बाजूने आणि मध्ये सुती कापड घालून. अत्तर, परफ्यूम जरीवर थेट मारायचा नाही. चांदीची जर हवेतल्या गंधकाने काळी पडते, तांब्याच्या तारेच्या, म्हणजे टेस्टेड जरीवर हिरवट डाग येतात, आणि ते घालवायला चिंच-लिंबू घासलं तर वरचा सोनेरी मुलामाच निघून जातो. डांबराच्या गोळ्या जरीला चिकटून ठेवू नयेत. कपडा मलमलच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी घडी बदलावी, नाहीतर जर त्याच रेषेवर मोडते.